लाइन कुठपर्यंत जिवंत आहे

पितृपक्षातली गोष्ट. सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन टेबलापाशी आले, तर लॅपटॉपची स्क्रीन काळी. मला धक्काबिक्का काही बसला नाही. पावसाळाभर त्याचं हे सुरूच होतं.

मी चिपळूणला घरून डीटीपीची, म्हणजे कंप्युटरवर छपाईची पानं लावायची, कामं करते. एरवी लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. भाद्रपद-आश्विन मात्र दिवाळी अंकांचे. तेव्हा हातात १६४ पानांचा एक अंक होता आणि छापखान्याने घटस्थापनेच्या आदल्या दिवशीचा वायदा घेतला होता. नऊ दिवस उरले होते. अर्धे लेखक अजून श्रीलिपी या जुन्या फॉण्टपद्धतीत मजकूर पाठवतात. तो युनिकोडात आणला की कुठे रफार उडतो, कुठे पाऊण य हरवतो, ते ओळ न् ओळ बघावं लागतं. या सगळ्या दुरुस्त्या त्या एका यंत्रात होत्या. पेन ड्राइव्हवरची प्रत पाच दिवस जुनी. हे वाचून कोणाला माझा राग आला तर योग्यच आहे, घरात दोघांना आला होता.

तर, पावसाळाभर काय चाललं होतं ते आधी सांगते. रात्री झाकण मिटायचं, सकाळी उघडलं की स्क्रीन काळी, पण अंग गरम आणि पंखा बारीक घरघरतोय. अशा वेळी मी कॅप्स लॉक दाबून बघायला शिकले होते. त्या बटणाचा टिचभर दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जागं आहे, फक्त तोंड दाखवत नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची. एक बीप येतो, स्क्रीनचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि नशीब असेल तर चित्र परत येतं. नाहीतर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, बंद करायचं, पुन्हा लावायचं.

एकदा वैतागून मुळाशी गेले. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए, असं टाइप केलं की आपलं यंत्र कोणकोणत्या तऱ्हेने झोपू शकतं याची यादी येते. जुन्या लॅपटॉपांत एस३ नावाची झोप असते. तीत रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीला, तेवढा घोटभर करंट मिळतो, बाकी सगळं बंद. माझ्या यादीत ती ‘उपलब्ध नाही’च्या रकान्यात होती. तिच्या जागी एस० नावाची नवी झोप. हिच्यात लॅपटॉप मोबाइलसारखा एक डोळा उघडा ठेवून पडतो, मेल बघतो, अपडेट ओढतो. बाळंतिणीची झोप म्हणा ना. माझा गडी या झोपेतून उठताना अडखळायचा. त्यावर उपाय सोपा निघाला. झाकण मिटलं की झोपायच्या ऐवजी हायबरनेट व्हायचं, असं सेटिंग केलं. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होतं. उठायला थोडा वेळ लागतो, पण उठतं.

त्या सोमवारी रात्री मात्र मीच झाकण उघडं ठेवून झोपले होते, झोपेचं सेटिंग बंद करून. अंकातल्या जुन्या छायाचित्रांचे स्कॅन छापखान्याच्या ड्राइव्हवर चढवायला लावले होते. ३०० वर फाइली, आमचं नेट म्हणजे बैलगाडी. म्हटलं, चढू देत रात्रभर.

सकाळी कॅप्स लॉक दाबलं. दिवा नाही. पॉवरचं बटण धरलं, सोडलं, धरलं, सोडलं. पंख्याला कान लावला. अंग थंडगार. तरीही पुढचा तासभर मी तेच करत बसले. सवयीचं दुखणं असलं की माणूस औषधही सवयीचंच देतो. अडॅप्टर काढून बटण तीस सेकंद दाबून धरलं, आत उरलासुरला चार्ज असेल तर तो उतरतो म्हणून. हा उपाय एरवी खरोखर कामाचा आहे. त्या दिवशी नव्हता.

मोबाइलवर छापखान्याचा ड्राइव्ह उघडून बघितला. २११ फाइली पोचल्या होत्या. शेवटची पहाटे ४ वाजून ५० मिनिटांची. म्हणजे तोपर्यंत हा जिवंत होता. या वेळेचा उपयोग मला तेव्हा कळला नाही.

आमचे बाबा वीज मंडळात वायरमन होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गल्लीतली लाइट गेली की लोक अजून आधी आमच्याकडे डोकावतात. लॅपटॉप या वस्तूबद्दल त्यांना आदर नाही. ते मागे येऊन उभे राहिले.

“काय गो, काय झालं?”

“चालू होत नाहीये.”

“का होत नाहीये ते मागाहून. लाइन कुठपर्यंत जिवंत आहे?”

मी म्हटलं, बाबा, हा खांब नाही. ते मल्टिमीटर आणायला गेलेसुद्धा होते.

आधी भिंतीतलं सॉकेट. पुरानंतर आमच्या घरातली सगळी सॉकेटं त्यांनी छातीच्या उंचीवर नेली आहेत, त्यामुळे वाकावं लागत नाही. २३४ व्होल्ट. मग अडॅप्टर. त्याच्या पोटावरचं लेबल त्यांनी भिंगातून वाचलं: आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर. पिनेच्या आत लाल काडी, बाहेरच्या कड्याला काळी. १९.६. अडॅप्टर ठणठणीत. तोवर मला फोनवर दोन जणांनी ‘अडॅप्टरच गेला असणार, नवीन घे’ असं सांगून झालं होतं. हजार-बाराशे तिथेच वाचले.

“आता हा दिवा बघ,” बाबा म्हणाले. अडॅप्टरवर हिरवा ठिपका असतो. त्यांनी पिन लॅपटॉपला लावली, ठिपका विझला. काढली, दोन-चार सेकंदांनी पुन्हा लागला. लावली, विझला. मी सकाळपासून किमान वीस वेळा ती पिन काढघाल केली होती आणि एकदाही त्या ठिपक्याकडे बघितलं नव्हतं. माझं सगळं लक्ष स्क्रीनकडे.

“डीपीवरचा फ्यूज उडतो तेव्हा फ्यूज वाईट नसतो. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. हा बिचारा स्वतःला वाचवतोय.”

लाइनवर फॉल्ट आला आणि कुठे आहे ते दिसत नसलं, तर ही माणसं अख्खी लाइन चालत बसत नाहीत. मध्ये जंपर तोडतात, अर्धी लाइन वेगळी करतात, सप्लाय सोडून बघतात. फ्यूज राहिला तर फॉल्ट पलीकडे, उडाला तर अलीकडे. मग त्या अर्ध्याचं अर्धं. बाबांनी लॅपटॉपला अगदी हेच लावायचं ठरवलं. वॉरंटी कधीच संपली होती, नाहीतर मी उघडू दिला नसता.

मागच्या झाकणाला दहा स्क्रू, त्यातले दोन रबरी पट्टीखाली लपलेले. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. आखूड भोकात लांब स्क्रू पिळला तर तो आत बोर्डात घुसतो. बाबांनी रद्द झालेल्या एका लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला आणि ज्या जागेचा स्क्रू तो त्याच जागी खोचला. झाकणाच्या खटक्या सोडवायला जुनं एटीएम कार्ड. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची केबल काढणं. “आधी सप्लाय तोड, मग हात घाल,” हे त्यांनी आयुष्यभर इतक्या पोरांना सांगितलं असेल की तोंडातून आपोआप आलं.

बॅटरी सुटी करून अडॅप्टर लावला. ठिपका विझला. मग एसएसडी काढली, सगळ्या फाइली असतात ती डिस्क. बोटभर लांबीची पट्टी, एका स्क्रूवर बसलेली. ठिपका विझलाच. मग रॅम. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा तेवढ्यात येऊन ‘काका, रॅमला खोडरबर घासा’ म्हणून गेला. घासला. रॅमचे सोनेरी दात काळवंडले असतील तर या खोडरबराने यंत्रं उठतात, मी स्वतः बघितलं आहे, पण तेव्हा निदान दिवा लागतो, पंखा फिरतो. इथे करंट दारातच अडला होता, रॅमपर्यंत जातोय कुठे.

शेवटी राहिली पिन जिथे खुपसतो ती खोबण. माझ्या लॅपटॉपात ती बोर्डाला डाखलेली नाही, वीतभर वायरीवर आहे आणि वायर बोर्डात खटक्याने बसते. बाबांनी ती वायर बोर्डातून सोडवली आणि अडॅप्टर लावला.

ठिपका लागून राहिला.

“इथून पुढे,” असं म्हणून त्यांनी बोर्डावरच्या त्या खटक्याच्या पलीकडे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. तिथे तिळाएवढे, खसखशीएवढे भाग दाटीवाटीने बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “आता माझं काम संपलं. हे बारक्या डोळ्यांचं काम आहे.”

गावातल्या एका दुकानात दाखवला. तिथल्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं, बोर्ड शॉर्ट आहे. बरोबरच होतं. पुढचं वाक्य: बोर्ड बदलावा लागेल, १६ हजार, आठ-दहा दिवस. मी घरी येऊन आकडा सांगितला. बाबा म्हणाले, “एक खांब पडला म्हणून अख्खा फीडर बदलतात का?” आई म्हणाली, पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नाही. दोघांची कारणं वेगळी, निकाल एक.

पुण्यात मावसभाऊ आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, तपकीर गल्लीच्या आसपास चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग दुरुस्त करायचं, काम करणारी पोरं बसतात, घेऊन ये. आणि एसएसडीचा फोटो पाठव. ही फोटोची गोष्ट त्याने बरी सुचवली. या पट्टीला टोकाला एक खाच असली तर ती बहुधा एनव्हीएमई जातीची, दोन असल्या तर साटा, आणि दोन्हींना यूएसबीने जोडायच्या डब्या वेगळ्या. माझीला एक खाच. त्याने संध्याकाळीच डबी आणून ठेवली.

बुधवारी पहाटेची एसटी धरली. कुंभार्ली घाटात धुकं होतं, पाटणला पाऊस, साताऱ्याला ऊन. लॅपटॉप पिशवीत, एसएसडी बाबांच्या चष्म्याच्या रिकाम्या डबीत, डबी माझ्या पर्समध्ये आणि पर्स पोटाशी. लॅपटॉपचं काय वाट्टेल ते होवो, पानं त्या डबीत होती.

भावाकडे पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता पट्टी यूएसबीच्या डबीत घातली आणि त्याच्या कंप्युटरला लावली. ड्राइव्ह दिसला. त्याच्या चित्रावर कुलूप.

रिकव्हरी की द्या, ४८ आकडी.

मी कधीच कुठलं कुलूप घातलेलं नव्हतं. भावाने समजावलं. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा आत शिरलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. रोजच्या वापरात पत्ता लागत नाही, कारण किल्ली त्याच बोर्डावरच्या एका चिपमध्ये असते आणि ती गुपचूप उघडून देते. डिस्क दुसऱ्या यंत्रात गेली, किंवा त्याच यंत्राचा बोर्ड बदलला, की ती चिप राहत नाही आणि मग विंडोज हा आकडा मागतं. चोरासाठी केलेली सोय. मला गावातलं दुकान आठवलं. १६ हजार देऊन बोर्ड बदलला असता, तर यंत्र सुरू झाल्यावरही मी याच प्रश्नासमोर उभी राहिले असते.

रोज जो चार आकडी पिन टाकते तो इथे बिनकामाचा. तो त्या यंत्रापुरताच असतो. आकडा मिळतो तो मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, वेबसाइटवर. खात्याचा ईमेल? आठवेना. कारण खातं मी काढलंच नव्हतं. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने ‘मॅडम, सगळं सेट करून देतो’ म्हणून काढून दिलं होतं. आपल्यापैकी कितीजणांचं असंच असेल कोण जाणे.

जुना डेस्कटॉप २२ जुलै २०२१च्या पुरात गेला. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा बाबांनी पहिली उचलली होती ती कागदांची पेटी. पुढच्या वर्षी हा लॅपटॉप घेतला. त्यानंतर घरातला प्रत्येक कागद, अगदी मिक्सरच्या वॉरंटीपर्यंत, माळ्यावरच्या फायलीत जातो, वर्षवार. मी फोन लावला. बाबा शिडी लावून चढले. आई खालून शिडी धरून माझ्या नावाने काहीतरी पुटपुटत होती, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

“बिल मिळालं. मागे पेनाने काहीतरी लिहिलंय.”

“वाचा.”

ईमेल नीट वाचला गेला. पासवर्डापाशी गाडी अडली. माझं नाव, मग ते वेलांटीदार चिन्ह, मग १२३.

“पहिलं अक्षर मोठं की लहान?”

“मोठंच आहे. सगळीच मोठी आहेत.”

“तसं नाही बाबा, कॅपिटल आहे का?”

“अगो, त्याने सगळं मोठ्या अक्षरात लिहिलंय. म्हणून तर मला दिसतंय.”

शेवटी फोटो काढून पाठवा म्हटलं. फोटो हललेला आला. दुसरा आला त्यात बाबांचा अंगठा. तिसऱ्यात दिसलं, फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, बाकीची नुसतीच ऐसपैस. पासवर्ड चालला. माझ्या मोबाइलवर एक कोड आला, तोही टाकला. तिथे माझ्या लॅपटॉपचं नाव, किल्लीच्या ओळखीची अक्षरं आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट. कुलपाच्या खिडकीत दिसणारी ओळखीची अक्षरं जुळताहेत का तेवढं आधी बघायचं, एकाच खात्यात दोन-तीन यंत्रांच्या किल्ल्या असू शकतात. जुळली. मी वाचत गेले, भाऊ टाइप करत गेला. आठवा गट संपला आणि फोल्डर उघडले. अंक होता. सोमवारी रात्री पावणेबाराला जतन केलेलं पान १३७ होतं. दोन पेन ड्राइव्हवर आणि भावाच्या कंप्युटरवर अशा तीन प्रती केल्या, मग पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत. एक अरुंद जिना चढून वर टेबलाटेबलाला चिकटून पोरं बसलेली, प्रत्येकासमोर सूक्ष्मदर्शक आणि उघडे बोर्ड. ज्याच्याकडे गेलो तो पंचविशीचा असेल. मी त्याला सुरुवातीपासून सगळं सांगितलं: ठिपका, वायर सोडवल्यावर काय झालं, पहाटेची ४:५०. तो ऐकून घेणारा निघाला, जे या धंद्यात फार दिसत नाही.

“ताई, हे कोणी तपासलं?”

“वडिलांनी. वायरमन होते.”

“मग माझं निम्मं काम झालंय.”

त्याने मल्टिमीटरची एक काडी जमिनीला, म्हणजे बोर्डाच्या अर्थला, आणि दुसरी खटक्यापाशी लावली. मीटर सलग ओरडत राहिला. तिथून बोर्डात शिरणारी वाट सरळ जमिनीला भिडलेली होती. या वाटेवर पहिल्या मॉसफेटच्या, म्हणजे करंट सोडणाऱ्या-अडवणाऱ्या बटणाच्या, अलीकडे तीन-चार कपॅसिटर असतात, करंटचे हेलकावे शोषायला, सगळे एकमेकांना समांतर. एक बसला, म्हणजे आतून शॉर्ट झाला, की सगळेच बसल्यासारखे दिसतात. मीटरने नेमका कोणता ते कळत नाही. त्याने ते कसं शोधलं, ते बघायला मिळालं म्हणून मला पुण्याची खेप वसूल झाल्यासारखी वाटली. तिथे त्याने बाहेरच्या सप्लायने फक्त एक व्होल्ट सोडला आणि ब्रशने त्या सगळ्या भागांवर अल्कोहोल फासलं. सगळा करंट शॉर्ट झालेल्या भागातूनच वाहतो, म्हणून तो तापतो. आम्ही दोघं डोकं खाली घालून बघत होतो. ओल्या चकचकीत बोर्डावर एका तिळाभोवतीचं अल्कोहोल फुंकर मारल्यासारखं उडालं. बाकी सगळं ओलं, तो एकटा कोरडा.

गरम हवेने तो तीळ उचलला. मीटर गप्प झाला. भंगारातल्या एका बोर्डावरून त्याच मापाचा तीळ काढून बसवला. अडॅप्टर लावला. हिरवा ठिपका लागला आणि लागलेला राहिला.

४:५०चा उलगडा त्यानेच केला. हा कपॅसिटर रात्री कधीतरी बसला. त्या क्षणी अडॅप्टरने हात वर केले, पण बॅटरीची वाट वेगळी असते, तिला शॉर्टचा त्रास नव्हता. लॅपटॉप निमूट बॅटरीवर फाइली चढवत राहिला आणि पहाटे बॅटरी संपली तेव्हा थांबला. झोप चालू असती तर तो कदाचित सकाळपर्यंत टिकला असता आणि मी उठून थोडी बॅटरी उरलेला, नुसता चार्ज होत नसलेला लॅपटॉप बघितला असता.

“पण कपॅसिटर गेला कशाने? त्या रात्री विजा चमकत होत्या.”

“ताई, जातात. कारण सांगितलं तर ते माझ्या मनचं होईल.”

१८०० रुपये घेतले. बोर्ड तोच असल्यामुळे किल्ली मागितली नाही, एसएसडी परत बसवल्यावर नेहमीचा पिन टाकून आत गेले. अंक वेळेत गेला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, रात्री अकराला, पण गेला.

विजांचं बाबांनी मात्र पक्कं धरलं आहे. लांब कुठे गडगडलं तरी येऊन अडॅप्टर भिंतीतून उपसतात, मी काम करत असले तरी. आणि त्यांची एक वही आहे, दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचं रीडिंग लिहायची, १९९४पासूनची. परवा बिल ताडून बघायला ती उघडली, तर सप्टेंबरच्या रीडिंगखाली, त्यांच्या त्या उभ्या ताठ अक्षरात, सहा-सहाचे आठ गट लिहिलेले होते. शेजारी कंसात: हिच्या लॅपटॉपचं.